लिनक्स निवडण्याआधी प्रिंटरचा मॉडेल नंबर बघा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तासगावला माध्यमिक शाळेत शिकवता. घरी २०१६ च्या सुमाराचा लॅपटॉप आहे: सहाव्या पिढीचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, साधी हार्ड डिस्क. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ या मशीनला नको म्हणतंय, म्हणून विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाकायचं ठरलंय. पण उबंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, झोरिन ही लिनक्सच्या डिस्ट्रोंची (वेगवेगळ्या तयार रूपांची) नावं वाचून डोकं चक्रावलंय. त्यात पॉलिटेक्निकला असलेल्या मुलीला तिच्या सीनियर्सनी काली ही डिस्ट्रो घ्यायला सांगितलंय. याच लॅपटॉपवर मिस्टर अधूनमधून कृषी सेवा केंद्राच्या हिशोबाचं टॅलीही उघडतात. शाळेतल्या जुन्या मशीनचं काय करायचं हेही तुम्ही विचारलंय, आणि शेवटी लिहिलंय, "नवशिक्यासाठी सगळ्यात चांगलं एकच नाव सांगा."

एकच नाव म्हणाल तर लिनक्स मिंट, त्यातली एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती. पण नुसतं नाव घेऊन तुम्ही आज रात्री बसलात तर आठवड्याभरात पुन्हा विंडोज शोधायला लागाल, अशी मला काळजी आहे. सांगलीत कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करताना लिनक्सवरून माघारी गेलेली माणसं मी जवळून बघितली आहेत. डिस्ट्रो वाईट निघाली म्हणून परत गेलेला माणूस क्वचित भेटतो. प्रिंटर चालेना, जुन्या प्रश्नपत्रिका उघडेनात, टॅली बसेना, ही खरी कारणं असतात. आणि ही तिन्ही कारणं आधी तपासता येतात, फक्त कुणी तपासत नाही.

म्हणून पहिलं काम कागदावर करा. घरातली सगळी माणसं या लॅपटॉपवर महिन्याभरात जे जे करतात ते लिहून काढा आणि त्यासमोर ते काम ब्राउझरमध्ये होतं की एखाद्या प्रोग्राममध्ये, हे लिहा. शाळेची ऑनलाइन माहिती भरणं, मेल, व्हॉट्सॲप वेब, गूगल मीट, बँक, ही सगळी ब्राउझरची कामं. क्रोम आणि फायरफॉक्स लिनक्सवर तसेच चालतात, त्यामुळे त्यांची चिंता सोडा. झूमही लिनक्ससाठी मिळतं. उरलेली चार-पाच कामं हीच तुमची खरी परीक्षा आहे.

प्रिंटरपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त माणसं तिथेच अडतात. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानात आणि शाळांच्या ऑफिसात कॅननचा एलबीपी २९०० हमखास दिसतो. प्रिंटर दणकट आहे, पण तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या स्वतःच्या पद्धतीनं चालतो. लिनक्ससाठी त्याचा ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्राम) आहे, मात्र तो जुना आणि बसवायला किचकट आहे. पहिल्याच महिन्यात नवशिक्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. घरी हाच प्रिंटर असेल तर फाइल पीडीएफ करून शाळेतल्या मशीनवरून छापा. एचपीचा लेझरजेट १०२० असेल तर तो चालतो, पण त्याची एक खोड आहे. प्रत्येक वेळी चालू केल्यावर त्याला कॉम्प्युटरकडून फर्मवेअर, म्हणजे प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्राम, लागतं. त्यासाठी एचपीलिप हे पॅकेज आणि त्याचं प्लगइन इंटरनेटवरून एकदा उतरवून घ्यावं लागतं. ते न केल्यामुळे मिंट खराब आहे असं समजून बसलेले लोक मला भेटतात. एप्सनच्या शाईच्या टाकीवाल्या एल मालिकेसाठी कंपनी स्वतः लिनक्सचे ड्रायव्हर देते. आणि अलीकडच्या ज्या वायफाय प्रिंटरवर एअरप्रिंट लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर न घालताच सापडतात. तेव्हा आधी प्रिंटर उलटा करून मॉडेल नंबर वाचा. कुठल्याही डिस्ट्रोच्या तुलनेपेक्षा ती माहिती तुम्हाला जास्त उपयोगी आहे.

टॅलीबद्दल मी स्पष्ट सांगतो: ते लिनक्सवर न्यायचं नाही. टॅली विंडोजसाठीच बनतं. वाइन नावाच्या सोयीनं विंडोजचे काही प्रोग्राम लिनक्सवर चालवता येतात, आणि टॅलीही असं चालतं म्हणणारे तुम्हाला भेटतील. पण खताच्या दुकानाचा वर्षाचा हिशोब, जीएसटी आणि उधारीची खाती अशा आधारावर ठेवू नयेत. लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीन करून विंडोज चालवायचं म्हटलं तर ४ जीबी रॅमला ते झेपणार नाही. मिस्टरांना दुकानात विंडोजचा एक साधा डेस्कटॉप ठेवायला सांगा आणि टॅलीचा डेटा तिकडे हलवा. जीएसटी किंवा टेंडरसाठी डिजिटल सहीचा यूएसबी टोकन वापरत असाल तर तोही त्याच मशीनवर राहू द्या. लिनक्सची मी मनापासून बाजू घेतो, आणि म्हणूनच ज्या कामाला ते योग्य नाही तिथे ते घालू नका असं सांगतो.

आता मराठी. तुमच्यासाठी हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि नवशिक्यांसाठी लिहिताना कुणी त्याबद्दल फारसं लिहीत नाही. लिनक्सवर मराठी दिसणं ही आता अडचण राहिलेली नाही. लोहित आणि नोटो हे देवनागरी फाँट बहुतेक डिस्ट्रोंमध्ये असतात किंवा एका क्लिकवर येतात. टायपिंगसाठी आयबस हा इनपुटचा प्रोग्राम आणि त्याच्या जोडीला एम१७एन हे पॅकेज घालायचं, मग मराठीचे इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. इन्स्क्रिप्ट येत असेल तर विंडोजवरची सवय जशीच्या तशी चालते. इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवायची सवय असेल तर फोनेटिक घ्या, पण त्याचे नियम थोडे वेगळे असतात, दोन-तीन दिवस बोटं चुकतील. एक बारीक गोष्ट: लिबरऑफिस या वर्डसारख्या प्रोग्राममध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन मजकुराची भाषा मराठी करून ठेवा. नोटोसारख्या फाँटमध्ये 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं वेगळी ठेवलेली असतात आणि भाषा मराठी आहे हे कळल्यावरच ती उमटतात. नाहीतर प्रश्नपत्रिका हिंदी पुस्तकासारखी दिसते. तपासण्यासाठी 'दऱ्याखोऱ्या', 'ॲप', 'वाङ्मय' असे शब्द टाइप करून बघा.

जुन्या फाइलींचं मात्र जपून. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरपद्धत) नसतात. आत इंग्रजी अक्षरांचे कोड असतात आणि तो फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. फाँट नसेल तर पानभर निरर्थक अक्षरं दिसतील. तुमच्याकडचा फाँट लिनक्सवर घालून त्या फाइली वाचता आणि छापता येतात, पण नवीन मजकूर त्यात टाइप करू नका. ज्या फाइली पुढे लागणार आहेत त्या विंडोज हाताशी असतानाच कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये करून ठेवा, आणि जोडाक्षरं नजरेखालून घाला. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी इकडेतिकडे होते. वर्डच्या फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतात. साधी पत्रं जशीच्या तशी येतात, पण तक्ते आणि चौकटींनी भरलेल्या फाइलीत मांडणी हलते. बाहेर पाठवायचं ते पीडीएफ करूनच पाठवा.

मशीनकडे वळू. तुमच्या लॅपटॉपचा खरा अडथळा ती फिरणारी हार्ड डिस्क आहे. सहाव्या पिढीचा आय-थ्री शाळेच्या आणि मुलीच्या कामाला अजून पुरेसा आहे. हार्ड डिस्क काढून २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) घाला, आणि जागा असेल तर रॅम ८ जीबी करा. हे केलं नाही तर जगातली कुठलीही डिस्ट्रो तुम्हाला संथच वाटेल. एसएसडी घालण्यात दुसरा मोठा फायदा असा की जुनी डिस्क विंडोजसकट, सगळ्या फाइलींसकट बाजूला काढून ठेवता येते. नव्या डिस्कवर तुम्ही काहीही केलंत तरी जुनं सगळं शाबूत. लिनक्स जमलं नाही तर चार स्क्रू काढून जुनी डिस्क परत लावा. एकाच डिस्कचे भाग पाडून विंडोज आणि लिनक्स शेजारी-शेजारी ठेवायला मी नवशिक्यांना सांगत नाही. पार्टिशन करताना एक चुकीचा पर्याय निवडला की फोटो आणि हिशोब दोन्ही जातात. ज्यांना तसं करावंच लागतं त्यांनी आधी बॅकअप घ्यावा, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी आणि विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करावं. लिनक्समधून परत आल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच वेळ भारतीय समजतं. सेटिंगमध्ये ते जुळवता येतं.

आता नावांकडे येतो. लिनक्स म्हणजे खरं तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिहायला घेतलेला. त्याभोवती डेस्कटॉप, प्रोग्राम आणि अपडेट देण्याची व्यवस्था जोडून कुणीतरी पूर्ण सिस्टीम बांधतं, ती डिस्ट्रो. डेबियन १९९३ पासून आहे. तिच्यावर उबंटू २००४ मध्ये उभी राहिली, आणि उबंटूवर मिंट २००६ मध्ये. हे नातं लक्षात ठेवा, कारण उबंटूसाठी लिहिलेला बहुतेक उपाय मिंटवरही चालतो. अडचण आल्यावर शोधायला गेलात की तयार उत्तर सापडण्याची शक्यता या घराण्यात सगळ्यात जास्त आहे. नवशिक्यासाठी मला हा गुण वेगापेक्षा आणि दिसण्यापेक्षा मोठा वाटतो. झोरिनही उबंटूवरच आहे, दिसायला नेटकी आहे. कुणी आधीच झोरिन टाकून दिलं असेल तर ते काढून मिंट टाकायची काही गरज नाही.

स्क्रीनवर जे दिसतं, म्हणजे खालची पट्टी, मेनू, खिडक्या, तो डेस्कटॉप, आणि तो डिस्ट्रोपासून वेगळा निवडता येतो. मिंटमध्ये सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई असे तीन मिळतात. ४ जीबी रॅमवर एक्सएफसीई घ्या. रॅम ८ जीबी केलीत तर सिनॅमन घ्या, ते वापरायला जास्त सुखाचं आहे. दोन्हींत डाव्या कोपऱ्यात मेनू आणि खाली पट्टी असते, त्यामुळे विंडोज वापरलेल्या माणसाला कुठे काय आहे ते पाच मिनिटांत कळतं. उबंटूचा नेहमीचा डेस्कटॉप नोम आहे. तो चांगला आहे, पण त्याची रीत वेगळी आणि रॅमची भूक जास्त. शिवाय उबंटूत फायरफॉक्ससारखे प्रोग्राम स्नॅप या पद्धतीनं येतात आणि साध्या हार्ड डिस्कवर ते पहिल्यांदा उघडायला वेळ घेतात. मिंटनं २०२० मध्ये २० व्या आवृत्तीपासून स्नॅप मुळातच बंद ठेवलं आहे.

सपोर्ट किती वर्षं, हे नक्की बघा. मिंट २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. उबंटू घ्यायचीच असेल तर दर सम वर्षी एप्रिलमध्ये येणारी एलटीएस (लांब सपोर्टची) आवृत्ती घ्या, तिला पाच वर्षं मिळतात. मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. फेडोरा साधारण दर सहा महिन्यांनी नवी येते आणि प्रत्येक आवृत्ती सुमारे १३ महिने सांभाळली जाते. प्रोग्रामिंग करणाऱ्यासाठी, अगदी नव्या लॅपटॉपसाठी फेडोरा उत्तम आहे, मी तिचा आदर करतो. पण तुमच्या घरी मोबाइलच्या हॉटस्पॉटवर इंटरनेट चालतं असं तुम्ही लिहिलंय. रोजच्या ठरलेल्या डेटात फेडोराची मोठी अपडेटं भारी पडतील. व्हिडिओ चालवायला लागणारे काही कोडेकही तिथे आरपीएम फ्यूजन या वेगळ्या साठ्यातून घालावे लागतात. आर्च तर सतत बदलत राहणारी डिस्ट्रो. खेड्यात लोडशेडिंग असतं, लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, आणि अपडेट अर्धवट असताना वीज गेली तर सिस्टीम उठत नाही. ती उठवायचं ज्ञान आहे त्यांनीच आर्च घ्यावी.

कालीबद्दल तुमच्या मुलीला हे दाखवा. काली ही सुरक्षा तपासणी करणाऱ्यांसाठी बनवलेली डिस्ट्रो आहे. लिनक्सची ओळख नसलेल्यांनी किंवा रोजच्या वापरासाठी सर्वसाधारण डेस्कटॉप हवा असणाऱ्यांनी ती घेऊ नये, असं कालीच्या अधिकृत माहितीतच लिहिलेलं आहे. तिला सुरक्षा शिकायची असेल तर मला आनंदच आहे. एनमॅप आणि वायरशार्क ही नेटवर्क तपासायची साधनं मिंटमध्येही बसतात. पण आधी नेटवर्क म्हणजे काय, फाइलींच्या परवानग्या कशा चालतात, टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) फाइल कशी शोधायची, हे यायला हवं. सी, जावा, पायथन यांची प्रॅक्टिकल मिंटवर सहज होतात. मैत्रिणींपैकी कुणी सिव्हिल किंवा मेकॅनिकलला असेल तर त्यांना मात्र ऑटोकॅड लागेल, आणि ते लिनक्ससाठी नाही. त्यांनी विंडोज ठेवावं.

आणि मदतीला जवळ कोण आहे? सांगलीत वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. तुमच्या मुलीनं त्यांच्या कार्यक्रमांना जरूर जावं. शाळेतला एखादा सहकारी, नात्यातला मुलगा उबंटू वापरत असेल आणि रविवारी घरी येऊन बसायला तयार असेल, तर मी मिंटचा आग्रह सोडेन आणि उबंटू घ्या म्हणेन. शेजारी बसून दाखवणारा माणूस असेल तर अडलेलं काम त्याच दिवशी सुटतं.

ठरलं की लगेच टाकू नका, पेनड्राइव्हवरून चालवून बघा. मिंटची फाइल ३ जीबीच्या आसपास आहे, ८ जीबीचा पेनड्राइव्ह पुरतो. ती फक्त मिंटच्या अधिकृत साइटवरूनच उतरवा. २० फेब्रुवारी २०१६ ला मिंटची साइट हॅक झाली होती आणि मूळ फाइलीच्या जागी मागचं दार, म्हणजे बाहेरच्याला गुपचूप शिरायची वाट, ठेवलेली फाइल लावली गेली होती. म्हणून साइटवर दिलेला एसएचए२५६ चा लांबलचक आकडा (फाइल बदललेली नाही हे ओळखायची खूण) तुमच्या फाइलीच्या आकड्याशी जुळवून बघा. मग रूफस किंवा बलेनाएचर वापरून पेनड्राइव्ह तयार करा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, हे ध्यानात ठेवा. लॅपटॉप सुरू होताना कंपनीनुसार एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबून पेनड्राइव्ह निवडा.

असं चालवलेलं लिनक्स डिस्कला हात लावत नाही. त्यात तासभर घालवा. वायफाय लागतंय का, आवाज, कॅमेरा, टचपॅड, झाकण मिटवून उघडल्यावर मशीन जागं होतंय का, ब्राइटनेसची बटणं, आणि अर्थातच प्रिंटर. वेगावरून मत बनवू नका, पेनड्राइव्ह मुळातच संथ असतो. वायफाय दिसत नसेल तर बहुधा ब्रॉडकॉम किंवा रिअलटेकच्या चिपला ड्रायव्हर हवा असतो. तेव्हा अँड्रॉइड फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, इंटरनेट मिळतं, आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून हवा तो ड्रायव्हर घेता येतो. इन्स्टॉल करताना सिक्युअर बूटसाठी (मशीन सुरू होतानाच्या सुरक्षा तपासणीसाठी) पासवर्ड मागितला तर तो लिहून ठेवा. पुढच्या वेळी मशीन सुरू होताना एक निळा पडदा येईल, तिथे तोच पासवर्ड देऊन की नोंदवायची असते. घाईत तो पडदा निघून गेला तर ड्रायव्हर बसूनही चालत नाही.

इन्स्टॉल झाल्यावर टाइमशिफ्ट चालू करा. अपडेटनं काही बिघडलं तर सिस्टीम आधीच्या स्थितीला नेता येते. टाइमशिफ्ट तुमच्या स्वतःच्या फाइली सांभाळत नाही, त्यांचा बॅकअप वेगळा, बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग किमान सहा महिने डिस्ट्रो बदलू नका. काही अडलं की दुसरी टाकून बघायचा मोह होतो, पण तीच अडचण बहुतेक वेळा तिथेही असते, कारण खालचा कर्नल आणि ड्रायव्हर तेच असतात.

राहिला शाळेतल्या जुन्या मशीनचा प्रश्न. १ जीबी रॅमच्या ३२-बिट पेंटियमवर वेळ घालवू नका. उबंटू आणि मिंटच्या मुख्य आवृत्त्यांनी ३२-बिट केव्हाच सोडलं, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ नंही त्यासाठी इन्स्टॉलर ठेवलेला नाही, आणि आजच्या वेबसाइट तेवढ्या रॅमवर उघडतही नाहीत. पण जी कोअर टू ड्युओ प्रोसेसरची मशीन आहेत ती ६४-बिट आहेत. त्यांतली रॅम एकत्र करून प्रत्येकी ४ जीबी होत असेल तितकीच मशीन निवडा आणि मिंट एक्सएफसीई टाका. त्यावर भूमितीला जिओजेब्रा, आवर्तसारणीला काल्झियम आणि नकाशांसाठी केजिऑग्राफी घाला. एकदा घातल्यावर काल्झियम आणि केजिऑग्राफी इंटरनेटशिवाय चालतात. रॅम जुळवताना डीडीआर२ आणि डीडीआर३ च्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवू नका. पट्ट्यांचे फोटो पाठवा, कुठली कशात बसेल ते मी सांगतो.